दादाचा प्रिंटर

संगणक कपाटाएवढे असायचे तेव्हाची गोष्ट. एका संगणकात दादा नावाची प्रणाली राहायची आणि सगळी यंत्रं चालवायची. एक दिवस दादा कायमचा बंद पडला. त्याच्या जागेसाठी आबू आणि छबू अशा दोन नव्या प्रणाली आल्या.

"ही जागा आता माझी," आबू म्हणाला. "दादाच्या प्रोग्रामच्या सगळ्या ओळी माझ्यात उतरवल्यात. तुझ्यात एक तरी आहे का रे, छबू?"

छबूत एकही नव्हती. त्याला दादाचं काम बघून बघून नव्यानं लिहिलं होतं.

"प्रिंटरकाका ज्याचं ऐकतील तो राहील. दुसरा पुसला जाईल!" आबूनं ठरवूनच टाकलं आणि ओरडला, "मी दादाचा वारस! छापा!"

दादा गेल्यापासून रुसलेले काका हललेसुद्धा नाहीत.

छबूला राहवलं नाही. "काका, कागद आहे ना? शाई पुरेल ना? मग होऊ द्या सावकाश."

काका खडखडून हसले. "अरे, दादा रोज अस्संच विचारायचा!" आणि भराभर छापू लागले.

आबू ओशाळला. "ही ओळ माझ्यातही आहे की. मी कधी वाचलीच नाही." तो पुसलं जायची वाट बघत उभा राहिला.

"उभा काय राहतोस? ये इकडे," छबू सरकत म्हणाला. "दादाही सगळ्यांना अशीच जागा करून द्यायचा."