सावरदऱ्याचं वळण

“मग चूक आहे कुठं, ते तरी सांगा ना अण्णा!”

विद्याधर पोंक्षे हे तिसऱ्यांदा विचारत होता.

शिदाप्पांना उत्तराची घाई नव्हती. हात पाठीमागं बांधून ते टेबलाभोवती चालत होते. टेबल कसलं! गच्चीवरची पत्र्याची खोली भरून उरलेलं एक अख्खं स्टेशनच होतं ते.

पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सावरदरा’. पाण्याची टाकी, कौलारू इमारत, घोसाळ्याच्या वाळक्या जाळीला हिरवा रंग देऊन केलेली झाडं. मास्तरांच्या खोलीत काडेपेटीएवढं टेबल आणि त्यावर मसुराच्या डाळीएवढा टेलिफोन.

आणि सगळ्याला वळसा घालून जाणारे, बोटभर रुंदीचे रूळ.

खरं सावरदरा आता उरलेलं नाही. छोटी लाईन बंद झाली, रूळ उचलले गेले, फलाटावर बाभळी माजल्या. विद्याधरचे वडील तिथं अठरा वर्षं स्टेशनमास्तर होते. शिदाप्पा तिथलेच चावीवाले. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रूळ तपासत चालायचं, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली की ठोकून घट्ट करायची, एवढंच त्यांचं काम. जाताना नजर एका रुळावर, येताना दुसऱ्यावर. त्या माणसाला मिरजेत बोलावून आणलं होतं ते या खेळण्यासाठी.

खेळणं म्हटलेलं विद्याधरला मात्र खपत नसे.

“मॉडेल आहे अण्णा. सत्त्याऐंशी पट लहान. प्रत्येक माप काटेकोर.”

“असंल की.”

शिदाप्पांनी टेबलाला उजवीकडून एक फेरी घातली. मग उलटे फिरून डावीकडून दुसरी. पाण्याच्या टाकीपलीकडच्या वळणावर ते वाकले आणि नख रुळावरून हळूच फिरवलं.

“गाडी हितं पडती?”

“बरोबर तिथंच. दहा वेळा रूळ उखडून पुन्हा बसवला.”

“कवा पडती? सकाळी?”

“सकाळी कधीच नाही. दुपारी पडते.”

“जोडाला फट किती सोडलीयास, बाळ?”

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बाळ म्हटलं की तो जरा ताठच होतो.

“फट? एकसुद्धा नाही. केस जाणार नाही अण्णा! कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलीत मी.”

“व्हय. दिसतंय की.”

विद्याधरला ते कौतुक वाटलं. माणूस स्वतःच्या कामावर खूष असला की त्याला सगळंच कौतुक वाटतं.

“मग चूक?”

“सांगतो.” शिदाप्पा खुर्चीवर टेकले. “आदी मास्तरांना वर आण.”

विद्याधरनं जिन्याकडं पाहिलं.

खाली, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, पोंक्षे मास्तर बसलेले होते. सत्त्याऐंशी वर्षं. दिलेलं खायचे, नेलं तिकडं जायचे. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी मुलानं चहा दिला, तेव्हा त्यांनी अगदी अदबीनं विचारलं होतं, “आपण कोण?”

तेव्हापासून विद्याधरचं नाव त्यांच्या तोंडात आलेलं नव्हतं. बायकोसमोर तो म्हणायचा, वयच झालंय, चालायचंच. आणि गच्चीवर येऊन रडायचा.

मग त्यानं सावरदऱ्याचं काम दुप्पट नेटानं सुरू केलं. मुलाला नाही ओळखलं तर नाही, निदान स्टेशन तरी ओळखतील. आणि स्टेशनाचं बोट धरून कुणी सांगावं...

“अजून नाही, अण्णा.”

“का?”

“गाडी पडते अजून. त्यांच्यासमोर पडली तर?”

“तर काय हुईल?”

“अठरा वर्षांत त्यांच्या स्टेशनात एक गाडी रुळावरून उतरली नाही. आणि मी त्यांना हे दाखवू? एकदाच दाखवणार आहे मी त्यांना. बिनचूक झालं की.”

“आनि बिनचूक हुईस्तवर मास्तर नसले तर?”

विद्याधरचा आवाज चढला. “म्हणून तर तुम्हाला बोलावलंय! चूक सांगा, दहा मिनिटांत सुधारतो, लगेच त्यांना वर आणतो.”

“न्हाई. आदी मास्तर.”

“अण्णा...”

“म्या त्येंचा मानूस. लाईनीचं काय सांगायचं ते त्येंच्यासमोर सांगतो. तुला कशाला सांगू?”

म्हातारा अडून बसला की बसलाच.

दोघांनी दोन बाजूंनी धरून मास्तरांना जिना चढवला. अकरा पायऱ्यांना पाव तास लागला. खुर्ची वळणाच्या समोर मांडली. पत्रा तापला होता, पंखा गरम वारा ढवळत होता.

“बाबा, हे बघा. सावरदरा!”

मास्तर भिंतीवरच्या पालीकडं बघत होते.

“ही टाकी. ही तुमची खोली. ओळखलंत?”

“छान आहे,” मास्तर म्हणाले. परक्या घरी पोहे पुढं आल्यावर म्हणतात तसं.

विद्याधरचा चेहरा पडला. त्यानं शिदाप्पांकडं पाहिलं. शिदाप्पा पाठीमागं हात बांधून भिंतीशी उभे होते, मास्तरांसमोर नेहमी उभे राहायचे तसे.

“सोड गाडी,” ते म्हणाले.

विद्याधरनं बटण फिरवलं. काळं इंजिन चार डबे घेऊन निघालं, फलाटावरून गेलं, झाडांमागं दडलं, पुन्हा आलं. पहिली फेरी सुखरूप पार पडली. मास्तर पालीकडंच बघत होते.

दुसऱ्या फेरीला इंजिन टाकीपलीकडच्या वळणावर आलं, जरासं उचललं गेलं आणि आडवं झालं. मागचे डबे एकावर एक चढले.

खड्... खड्... टक्.

विद्याधरनं डोळे मिटले. सगळं संपलं, असं त्याला वाटलं. निदान पडलेलं तरी दिसू नये म्हणून त्यानं घाईघाईनं हात पुढं केला.

“हात लावू नका!”

आवाज खोलीत दणाणला. तसा आवाज त्या घरात कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

मास्तर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठत होते.

“लाईन क्लिअर कुणी दिली? गाडी सोडायला कुणी सांगितलं?”

मास्तरांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

“विचारतोय मी! मागच्या स्टेशनला फोन लावा. गाडी सोडू नका म्हणावं. शिदू!”

“जी, मास्तर!”

“तांबडा बावटा. दोन्हीकडं. पळ!”

ब्याऐंशी वर्षांचे शिदाप्पा खरोखरच पळाले. खांद्यावरचा लाल पंचा काढून त्यांनी टेबलाच्या एका टोकाला टाकला. दुसऱ्या टोकाला काय टाकावं कळेना, तेव्हा स्वतःच हात वर करून उभे राहिले.

मास्तर वळणापाशी वाकले. त्यांनी बोट रुळाला लावलं आणि चटकन मागं घेतलं.

“तापलाय. उन्हात रूळ वाढतो, त्याला सरकायला जागा कुठाय? उचलणारच तो! कोण कारागीर होता इथं?”

चौतीस वर्षांची टूलरूम मान खाली घालून उभी होती.

“पॅसेंजरांना उतरवून घ्या. बायकामाणसं आधी. सावलीत बसवा, पाणी द्या.” बोलता बोलता त्यांची नजर शेजारी उभ्या असलेल्या माणसावर गेली. कपाळाला आठी पडली. त्यांनी दंड धरून त्याला मागं ओढलं.

“आणि विदू, किती वेळा सांगितलं, लाईनीच्या इतक्या जवळ यायचं नाही? लागलं का कुठं?”

“नाही, बाबा.”

“मग रडतोस कशाला?”

विद्याधर नुसताच मान हलवत राहिला, आणि दंडावरची ती पकड सुटू नये म्हणून जागचा हलला नाही.

“ही लाईन बंद,” मास्तरांनी हुकूम दिला. “सकाळी मी स्वतः येऊन बघणार. शिदू, तोवर कुणी काही हलवायचं नाही.”

“जी.”

मग ते थकले. खाली नेऊन आरामखुर्चीत बसवलं तेव्हा पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. पण जेवणाचं ताट पुढं आलं तेव्हा त्यांनी एकदा विचारलं, “पॅसेंजर जेवले का?”

“जेवले,” विद्याधर म्हणाला.

तो धावतच वर आला. कपाटातून बारीक करवत काढली आणि वळणाच्या जोडावर टेकवली.

“समजलं अण्णा! मलाच कळायला हवं होतं. जोडाजोडाला फट पाडतो. सकाळी बाबा येतील तेव्हा गाडी अशी धावेल, बघाच तुम्ही... पुन्हा म्हणून पडणार नाही!”

शिदाप्पांनी टेबलावरचा पंचा उचलून खांद्यावर टाकला. पुढं होऊन विद्याधरच्या हातातली करवत काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली.

“ऱ्हाऊ दे, बाळ. गाडी बिनघोर धावली, तर मास्तरांना कोन हाक मारंल?”