राक्षस पडेना, देव उतरेनात

एका राज्यात एकवीस सोंगं होती. वीस देवांची, एक राक्षसाचं. लाकडाची, रंगवलेली, माणसाच्या तोंडाहून दुप्पट मोठी. एका मांत्रिकानं ती एकाच पांगाऱ्यातून कोरली आणि जाताना अट घालून गेला, "चैत्री पुनवेला सोंगं नाचवा. पण राक्षस पडल्याशिवाय देव उतरायचे नाहीत." एवढं बोलून त्याचं धुकं झालं. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मांत्रिकच तो, धुकं होणारच.

प्रत्येक सोंगाचं घर ठरलेलं. राक्षसाचं सोंग म्हाळूच्या घरचं. आता हा म्हाळू कसा, तर विंचू दिसला तरी "बाजूला हो रे बाबा" म्हणणारा! पण पुनव आली की हाच राक्षस. आधीचे आठ दिवस सोंग त्याच्या ओसरीवर टांगलेलं असायचं. वर्षभरात ज्यानं जे वाईट केलं असेल, ते त्यानं येऊन सोंगाच्या कानात सांगायचं. मग पुनवेला म्हाळू सोंग चढवायचा, सोंग त्याला सगळं सांगायचं, आणि तो भर चौकात गर्जायचा, "मी दुधात पाणी घातलं! मी शेजाऱ्याचा बांध कोरला! मी सासूचं पातळ मुद्दाम फाडलं!" सगळं स्वतःच्या नावावर. लोक पोट धरून हसायचे, शेणाचे गोळे मारायचे. राक्षस धाडकन पडायचा. देव सोंगं उतरवून जेवायला घरी जायचे. ज्याचं पाप त्याला बरोबर कळायचं, बाकी कोणाला नाही.

मग म्हाळूची लेक येसू बापाला नदीवर न्यायची आणि त्याच्या कानामागचं शेण धुवायची. तिला त्याची भारी लाज वाटायची. बापाला नाही वाटायची. तो पाण्यात बसून गाणं म्हणायचा.

एका साली कानात सांगायला एक जण घोंगडी पांघरून आला. घोंगडीखाली जरीचे जोडे होते. येसूनं ते पाहिले आणि ती गप्प बसली. त्या पुनवेला म्हाळू गर्जला, "मी गादीसाठी पाठच्या भावाला वेशीबाहेर घातलं!" लोक हसले, शेण मारलं. गच्चीवर राजा शुभंकर बसला होता. तो तेवढा हसला नाही.

पुढच्या फाल्गुनात येसू कोणाला न सांगता राजाकडे गेली.

"महाराज, माझा बाप चांगला आहे. त्याला राक्षस का करता?"

"खरं आहे," राजा म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की जणू वाटच बघत होता. "आमच्या राज्यात राक्षस नकोच."

झालं! दवंडी पिटली. म्हाळूला मेघदेवाचं सोंग मिळालं, त्या सोंगाचं घर तेव्हा वारसाविना होतं. राक्षसाचं सोंग डोहात बुडवायचं ठरलं. शेवटचा धक्का येसूनं दिला. ते बुडताना तिला काय आनंद झाला म्हणता!

पुनव आली. वीस देव नाचले. दुपार झाली, तरी नाचतच राहिले. राक्षसच नाही, तर पडणार कोण? आणि राक्षस पडत नाही, तर देव उतरणार कसे? दिवस कलला तेव्हा म्हाळूनं सोंगाला हात घातला. सोंग हलेना. दुसऱ्या सकाळी लाकूड हनुवटीखाली आलं. मग रोज दोन बोटं खाली. देव चौकात हात उंचावून उभे. आशीर्वाद भरपूर, पण नांगर धरायला कोणी नाही. गावात दुधात पाणी पूर्वीपेक्षा जास्त, पण घालणारा म्हणाल तर एकही नाही. सगळेच चांगले!

राजवैद्य आला, टकटक करून गेला. "लाकूड छातीला भिडलं की श्वास संपला. तीन दिवस."

येसू डोहाच्या काठी जाऊन बसली. तिथं एक टिटवी होती. टिटवी ओरडली की लोक अशुभ म्हणून दगड मारतात, त्यामुळे तिचा स्वभाव जरा तिखट झालेला.

"आता कशाला आलीस गं? ढकलताना बरी टाळ्या पिटत होतीस!"

"टिटवीबाई, ते सोंग वर काढता येईल का?"

"कुजलं ते. नवं कर. तीन गोष्टी आण. पांगाऱ्याचं लाकूड, चूक कबूल करणाऱ्याच्या चुलीची काजळी, आणि एक पडणारा."

"पडणारी मी आहे."

"बघू," टिटवी म्हणाली.

येसू पांगाऱ्याकडे गेली. झाडानं विचारलं, "काय कोरणार?"

देव म्हणावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण ती म्हणाली, "राक्षस."

"ने. देव मागणारे फार येतात."

"तुला वाईट नाही वाटत? तुझ्यातून राक्षस काढणार मी."

"माझ्यात देव कुठला नि राक्षस कुठला, पोरी? मी लाकूड. कोरणारे तुम्ही." आणि झाडानं फांदी खाली टाकली. एक दिवस गेला. येसूनं बापाच्या हत्यारांनी सोंग कोरलं.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन ती घरोघर फिरली. भागू गवळण म्हणाली, "मी पाणी घालते? अगं बाई, माझी म्हैसच पातळ देते!" बांध कोरणारा दाजी म्हणाला, "बांध आपोआप सरकतो. जमीन जिवंत असते." तिसऱ्या दारात सासूच भांडायला उठली, म्हणाली, "आमची सून गुणाची आहे, पातळ उंदरानं फाडलं!" सून मागं उभी राहून मान डोलावत होती.

वाटी रिकामीच. येसू चौकात आली, बापासमोर उभी राहिली. लाकूड गळ्याखाली उतरलं होतं. वर दोन भोकांतून बापाचे डोळे तिच्याकडे बघत होते.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "राजाकडे मी गेले होते. तुझ्यासाठी नव्हे. मला शेण धुवायची लाज वाटायची, म्हणून. आणि सोंग मीच बुडवलं."

येसू घरी गेली, स्वतःच्या चुलीची काजळी खरवडली आणि सोंग काळं केलं. ते ओसरीवर टांगून मागं वळते तो काय, भागू गवळण पदर सावरत उभी! मग दाजी आला. मग सून, आणि तिच्या पाठोपाठ सासूसुद्धा. कान पुरेना, इतकी रांग लागली.

तिसऱ्या दिवशी येसूनं सोंग चढवलं. काय गर्जली, काय नाचली! "मी दूध पातळ केलं! मी बांध सरकवला!" लोक किती दिवसांनी हसले. शेणाचे गोळे सुटले. येसू धाडकन पडली.

लाकूड गळ्यापासून सरसर वर चढलं, हनुवटीपाशी आलं, आणि थांबलं. देव उतरेनात.

टिटवी घिरटी घालत ओरडली, "एकाचं राहिलं! एकाचं राहिलं!"

येसू उठली. सोंग काढून हातात घेतलं आणि शेणानं माखलेल्या पायांनी राजवाड्याच्या पायऱ्या चढली. कोणी अडवलं नाही. त्या वासाला कोण अडवणार?

"महाराज, घोंगडी छान होती. जोडे बदलायचे राहिले."

राजानं जरीचे जोडे सिंहासनाखाली ओढून घेतले. मग हळूच म्हणाला, "कानात सांगतो."

"ते एकदा सांगून झालं, भाऊ मात्र अजून वेशीबाहेरच. आता पडणारा हवा."

"आम्ही राक्षस झालो तर प्रजा काय म्हणेल?"

"माझा बाप तीस वर्षं झाला, महाराज. प्रजा त्याला जेवायला बोलावते."

राजानं खाली चौकात पाहिलं. वीस देव हात उंचावून उभे होते, त्यांची बायकापोरं पायांशी बसली होती. राजानं मुकुट काढला, कारण मुकुटावर सोंग बसत नाही. सोंग चढवलं. पायऱ्या उतरून चौकात आला आणि गर्जला. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, दुसऱ्यांदा चिरकला, तिसऱ्यांदा मात्र वेशीपर्यंत गेला.

"मी गादीसाठी पाठच्या भावाला वेशीबाहेर घातलं! मी!"

कोणी हसेना, कोणी हात उचलेना. राजाला शेण कसं मारायचं? शेवटी भागू गवळणीनं डोळे मिटले, गोळा उचलला आणि फेकला. नेम अचूक लागला. मग काय विचारता! राजा धाडकन दगडावर पडला, आणि वीस सोंगं एकदम टपाटप गळाली. वीस घामेजलेली, साधी तोंडं बाहेर आली.

म्हाळूनं मान वळवून पाहिली. "येसू," तो म्हणाला, "भूक लागली गं."

त्याच दिवशी भावाला आणायला घोडेस्वार गेला. भाऊ आला. रागावलेला होता, पण आला. राक्षसाचा मान तेव्हापासून राजघराण्याकडे गेला, आणि सोंगाच्या कानाशी रांग पुन्हा दरसाल लागू लागली.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. लोक पांगले, तेव्हा राजा चौकात एकटाच बसला होता. कुठं जावं, काय करावं, त्याला काही सुचेना. म्हाळू तोंडातला घास गिळत त्याच्यापाशी आला, त्याला हाताला धरून नदीवर घेऊन गेला आणि पाण्यात बसवलं.

"कानामागं आधी धुवा, महाराज," म्हाळू म्हणाला. "तिथलं आपल्याला दिसत नाही."

सांगणाऱ्याचं तोंड गोड होवो, ऐकणाऱ्याचे कान स्वच्छ होवोत.