निजलेल्या इस्तेरची उपासना

ऐका, भाविकहो. उपदेशक शांतवनबाबा त्या वर्षी गव्हाळवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत मुक्कामाला होते. माळावर पत्र्याचे उपासनामंदिर, खाली सतरंज्या, समोर भाकर आणि द्राक्षरस झाकून ठेवलेले मेज.

वाडीची एक रीत होती. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने पवित्र शास्त्रातले आपले वचन उभे राहून म्हणायचे. जो अडला, त्याला भाकर नाही. ही रीत मंडळीचे पंच शलमोनराव यांनी घातली होती. त्यांना स्तोत्रांमागून स्तोत्रे पाठ.

इस्तेरची सासू सगुणाबाई अंथरुणाला खिळलेली, आणि नवरा दूर साखर कारखान्यावर. सासूला कूस वळवायची, भरवायचे, धुवायचे, मग दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायचे. रात्री पुन्हा कूस. थकवा तिच्या अंगात मुरला होता. रविवारी ती सासूला निजवून यायची आणि भाकर घेऊन तिला पाणी पाजायला धावत परतायची. ती भाकर तेवढी तिची होती.

एलिया संदेष्टा जीव नकोसा होऊन झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूत त्याला जे बोलला, ते वचन बाबांनीच तिला दिले होते. ती उभी राहिली.

“ऊठ,” ती म्हणाली.

पुढचे आले नाही. ती भिंतीला टेकली, खाली सरकली आणि झोपली.

“घ्या!” शलमोनराव म्हणाले. “ऊठ म्हणाली आणि आडवी झाली. देवदूतालाच निजवलं बाईनं.”

मंडळी हसली.

“हलवा तिला. आज हिला भाकर नाही.”

“झोपू द्या,” बाबा म्हणाले.

“आणि तिकडं म्हातारी पाण्यावाचून पडलीय ती? ही सासूची सेवा?”

“खरं आहे. मग तुम्ही जाता का, पंच?”

“मी? माझी उपासना चाललीय, बाबा.”

बाबांनी डोळे मिटले. “प्रभो,” ते हळू म्हणाले, “ही निजली आहे. तुला झोप नाही.”

एवढेच. खिडकीतले ऊन इस्तेरच्या तोंडावर आले होते. बाबा त्या उन्हात जाऊन उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी उपदेश सुरू केला. ऊन सरकले तसे बाबा सरकले.

शलमोनरावांना राहवेना. सासूचे हाल डोळ्यांनी पाहून येऊ आणि भर मंडळीत सांगू, या विचाराने ते उठले. माळ ओलांडून इस्तेरच्या घरी गेले. दार लोटलेले होते. इस्तेरचे अडलेले वचन आत पुढे चालले होते.

*खा,*

चुलीत निखारे होते. निखाऱ्यांवर भाजलेली अर्धी भाकर ताटलीत उरलेली.

*पाणी पी,*

उशाशी भरलेला तांब्या. सगुणाबाईंचे ओठ ओले.

*कारण वाट तुला झेपेनाशी झाली आहे.*

म्हातारी धुतलेल्या लुगड्यात, कुशीवर, निवांत.

“कोण आलं होतं, आक्का?” शलमोनरावांनी विचारले.

“कोण येतंय पंच, आमच्याकडं? सून आली व्हती.”

“इस्तेर?”

“मग? भरवलं, कूस वळवली. आन आज बाई, घाई नव्हती तिला. माझं डोकं मांडीवर घिऊन बसली. एरवी पोरीला दम कुठं असतो?”

इस्तेर तर त्यांच्या डोळ्यांसमोर निजली होती! शलमोनराव उंबऱ्यावर बसले. सगळी स्तोत्रे तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. म्हातारीचे पाय उघडे पडले होते. त्यांनी उठून गोधडी नीट केली. त्या घरात तेवढेच काम उरले होते.

ते परतले तेव्हा बाबा उन्हातच होते, सदरा घामाने भिजलेला. मेजावरचे फडके अजून काढले नव्हते.

“बाबा, मला क्षमा करा.” ते पाया पडायला वाकले.

“माझ्या पाया नको,” बाबा म्हणाले.

तेव्हा शलमोनरावांनी इस्तेरच्या सतरंजीपाशी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले. त्या हालचालीने ती दचकून उठली. “आत्याबाई! पाणी राह्यलं त्यांचं,” म्हणत पदर सावरू लागली.

“पाणी झालं, जेवण झालं,” शलमोनराव म्हणाले. “तुम्ही बसा, बाई. भाकर घ्या, आणि मग पुन्हा निजा. आक्कांजवळ मी बसतो.”

“पण पंच, वचन राह्यलंय माझं.”

“म्हणणारे पुष्कळ आहेत,” ते म्हणाले.

बाबांनी मेजावरचे फडके काढले. पहिली भाकर इस्तेरच्या हातावर ठेवली. पंचांची पुढची जागा त्या दिवशी रिकामी राहिली.