एककाटी घड्याळ

एका राज्यात, नाव त्याचं मलाही कुणी सांगितलं नाही, कनकसेन नावाचा राजा होता. त्याला घड्याळांचा भारी नाद. महालात नव्याण्णव घड्याळं. एका दुपारी धोंडजी नावाचा म्हातारा घड्याळजी आला. त्याच्या तळहातावर खिशातलं एक घड्याळ होतं, आणि त्याला काटा एकच.

"किंमत बोल," राजा म्हणाला.

"मोल नको, महाराज. दिवस मावळेतो माझ्यापाशी बसा. याची गोष्ट आहे, तिच्यासकट द्यायचं म्हणतो."

राजा हसला. "मिनिटकाटा लावायचा विसरलास, वर माझी दुपार मागतोस? नीघ, बाबा."

म्हातारा गेला. शाप काही दिला नाही त्यानं. पण शाप बोलूनच लागतो, असं थोडंच आहे? त्या घटकेपासून महालावरचा सूर्य हलेना. घड्याळांचे काटे फिरत, सावल्या फिरेनात. दिवेलागण नाही, नीज नाही. लेकरं रडून सुकली. मग लोक चूलभांडी उचलून नदीपलीकडे गेले. तिथं संध्याकाळ होत असे. राजा निघाला, तर उंबरा त्याच्या पुढं पुढं सरके. पलीकडे वीस वर्षं गेली. अलीकडे तीच दुपार. राजाची दाढी तेवढी पांढरी झाली.

खिडकीशी एक तांबट पक्षी येई आणि टुक् टुक् करी. एकदा तो माणसासारखा बोलला.

"राजा, बोलतोस कुणाशी?"

"घड्याळांशी."

"ती काय म्हणतात?"

"सगळी एकच म्हणतात." राजानं खिडकीबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. "तेव्हा ते एककाटी घेतलं असतं, तर बरं झालं असतं रे."

"माझी तीन पिसं घे. एक फुंकलंस की ती वेळ परत येईल. चौथं मागू नकोस. मला उडायचंय."

राजानं पहिलं पीस फुंकलं. दारात धोंडजी उभा. राजानं मोहरांचं ताट पुढं केलं. धोंडजीनं ताटाकडं पाहिलं, राजाकडं पाहिलं, आणि आल्या पावली परत गेला.

दुसरं पीस फुंकलं. या खेपेला राजा बसला खरा. म्हातारा सांगू लागला. पण शौकिनाचं बोट ते! नखानं मागचं झाकण उघडून राजा चाकं निरखू लागला. धोंडजीनं घड्याळ हळूच काढून घेतलं. म्हणाला, "महाराज, गोष्ट आत नाही."

मग राजानं तिसरं फुंकलं. हात मागं बांधून घेतले आणि म्हणाला, "बाबा, सांगा."

"माझी बायको, गिरजा," धोंडजी म्हणाला. "स्वयंपाक झाला की मला बोलवायला तव्यावर उलथनं वाजवायची. हाक मारायला लाजायची ना! तिची टणटण मी यात बसवली. ऐका."

राजानं ऐकलं. टण, टण.

"आणि काटा एकच का?"

"तिला मिनिटं कुठं ठाऊक! सकाळ, दुपार, सांज, एवढंच. ती गेली नि मी गाव बदललं. नव्या गावात तिला कुणी पाहिलेलं नाही, महाराज. सांगायचं कुणाला?"

तो सांगत राहिला. गिरजेचं भांडण, गिरजेची कढी, गिरजेचा ताप. बोलता बोलता भिंतीवरचं ऊन खाली उतरलं. धोंडजीनं घड्याळ पुढं केलं.

राजा म्हणाला, "तुमच्यापाशीच असू द्या. घरात काही वाजायला हवं."

पीस विरलं. राजा आपल्या काळात आला, तर महालावर सांज झाली होती. नदीपलीकडून होड्या सुटल्या. लोक आले, चुली पेटल्या, लेकरांची लेकरं मिळेल त्या मांडीवर झोपली. तांबट उडून गेला होता.

सकाळी राजा उंबरा ओलांडून धोंडजीच्या गावी गेला. धोंडजी कधीच वारला होता. पारावर चार माणसं होती.

त्यातला एक म्हणाला, "म्हातारा सांगायचा, राजा माझ्यापाशी सांज होईतो बसला होता. आम्ही हसायचो त्याला. घड्याळ त्याच्याबरोबरच पुरलं. त्यातून तव्यासारखं काय वाजायचं, ते काही कळलं नाही कुणाला."

राजा पारावर टेकला.

"सरका जरा," तो म्हणाला. "त्याच्या बायकोचं नाव गिरजा..."

ऊन चढत गेलं, आणि कुणी उठलं नाही. अशी ही कहाणी. ऐकणाऱ्याला कुणी ऐकणारं मिळो.