गोजराबाईचा सत्कार

हिवरवाडीची गोजराबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ग्रामसेवकानं माइकवरून गरिबीतून बाहेर पडलेल्या एकवीस घरांची यादी वाचायला घेतली आणि पहिलंच नाव तिचं निघालं. नियम नवा होता: घरातलं माणूस सरकारी कामावर लागलं की ते घर गरिबांच्या यादीबाहेर, म्हणजेच रेशनचं धान्य बंद.

आता तिचं सरकारी काम कोणतं, तर आठ दिवस राबून याच कार्यक्रमासाठी हा मांडव उभा करायचा. बाकीच्या वीस घरांचंही तेच.

जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी तिला मंचावर बोलावून शाल-नारळ दिला. मग गरिबी कशी हटवली यावर ते तासभर बोलले आणि म्हणाले, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द..."

"संपवू नका, साहेब," गोजराबाई म्हणाली.

साहेब दचकले. "का हो बाई?"

"तुमचं भाषण संपलं की आम्ही मांडव सोडणार. मांडव सुटला की आमचं काम सुटलं. म्हंजे तुम्ही बोलताय तवरच आमची गरिबी हटलीय. तवा बोलत राहा. आम्हाला घाई न्हाई."

साहेबांचं ते नेहमीचं वाक्य काही केल्या पुढे सरकेना. शेवटी त्यांनी ग्रामसेवकाकडून यादी मागवली, एकवीसही घरं पुन्हा गरिबांत घेतली, खाली सही केली, आणि तेव्हा कुठे त्यांचे ते तासाभराचे दोन शब्द संपले.