चाळीस दांडूंची सूट

खूप खूप वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण तिच्यातला सगळा गाढवपणा मोठ्यांनीच केला आहे.

त्या राज्यात दोन पाठशाळा होत्या. एक टेकडीवरची, दुसरी नदीकाठची. टेकडीवर सरदार-सावकारांचे मुलगे शिकत, नदीकाठी नावाडी, कुंभार आणि बुरुडांचे. सुगी आटोपली की दोन्ही शाळांतल्या मिसरूड फुटलेल्या तरुणांचा विटीदांडूचा सामना होई आणि तो बघायला अवघं नगर लोटे.

खेळ साधा होता. जमिनीत एक लहानशी चर कोरायची, तिला म्हणायचं गल. गलीवरून विटी टोलवायची. ती जिथे पडेल तिथवर किती दांडू अंतर आहे, हे खेळणाऱ्याने नुसत्या नजरेने ठरवायचं आणि तेवढे दांडू मागायचे. मागणं पटलं तर समोरच्याने देऊन टाकायचे, नाही पटलं तर मोजायचं. अंतर भरलं, तर मागितले तेवढे मिळाले. एका बोटानेही कमी भरलं, तर एकही नाही. थोडं मागणारा सुखी आणि फार मागणारा मूर्ख, असं लोक म्हणत. पण फार कुठे सुरू होतं, हे मोजल्याखेरीज कुणालाच सांगता येत नसे.

सामना दरवर्षी टेकडीच जिंकायची. त्यांना तूप होतं, खैराचे दांडू होते आणि शिकवायला दोन उस्ताद होते. नदीकाठच्यांना भाकरी होती आणि बाभळीचा दांडू होता.

एके वर्षी परमुलखातून एक गोड बोलणारा माणूस नगरात आला. पैजा घेणं हा त्याचा धंदा. पण इथे आल्यावर त्याची पंचाईत झाली. टेकडीवर पैज लावायला सगळे तयार, नदीकाठावर लावायला कोणी कुत्रंही फिरकेना. एकाचं घेऊन दुसऱ्याला द्यायचं आणि मधल्यामध्ये आपला वाटा काढायचा, तर दुसरी बाजू नको का? त्याने चार दिवस डोकं खाजवलं आणि पाचव्या दिवशी चौकात चटई अंथरली.

"मंडळी," तो म्हणाला, "कोण जिंकणार हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. मग त्यात मजा ती काय? मी नदीकाठाला चाळीस दांडूंची सूट देतो. ते चाळीसच्या आत हरले, तर त्यांच्यावर लावणारा जिंकला. चाळीसहून जास्त हरले, तर टेकडीवर लावणारा जिंकला. आता बोला!"

लोकांचे डोळे चमकले. शहाण्या माणसाला बुडवायचं असेल तर त्याला असंच एखादं गणित घालावं. तो आपण होऊन पाण्यात उतरतो.

त्या वर्षी नदीकाठचे बत्तीस दांडूंनी हरले. आणि काय सांगू तुम्हाला, लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं! हलगी वाजली, झेंडूच्या माळा पडल्या, पेढे वाटले गेले. हरलेल्यांची मिरवणूक निघाली. आणि जो जिंकला होता तो टेकडीचा नायक एका कोपऱ्यात शिव्या खात उभा होता. "आणखी नऊ दांडू मिळवायला हात मोडला होता काय रे तुझा?" असं त्याला त्याचा सख्खा मामा विचारत होता.

लोक त्या माणसाला सुटवाला म्हणू लागले. वर्षं गेली. नदीकाठची पोरं हळूहळू हरण्यात तरबेज झाली. लांब टोला मारणं त्यांनी सोडून दिलं, बेताचं मारायचं आणि बेताचं मागायचं. "पस्तिसांनी हरलो!" असं ओरडत घरी पळत यायचं आणि आईने दृष्ट काढायची. पंतोजींना हे रुचत नव्हतं. पण लोकांनी पैजेच्या कमाईतून शाळेचं छप्पर शाकारून दिलं आणि पंतोजींची जीभ टाळ्याला चिकटली.

या शाळेत हैबती नावाचा एक तरुण होता. नावाड्याचा मुलगा. नाव रेटून रेटून त्याचे दंड असे झाले होते, की त्याच्या टोल्याने विटी कुठे गेली ते शोधायला दोघांना धाडावं लागे. पहिल्या वर्षी तो खेळला तेव्हा त्यालाही लोकांनी खांद्यावर घेतलं.

"मला खाली ठेवा," तो म्हणाला.

"का रं?"

"आम्ही हरलोय."

लोक पोट धरून हसले. "येडं हाय पोर! हरलास कुठं? चांगला सतरा दांडूंनी वाचलास की!"

हैबती मिरवणूकभर त्या खांद्यावर मान खाली घालून बसला. त्याला उतरू दिलं नाही.

पुढच्या वर्षी तोच शाळेचा नायक झाला. हैबती आहे म्हटल्यावर नदीकाठ चाळीसच्या बाहेर जातोय कशाला, असं म्हणून या वेळी बहुतेक सगळ्या नगराने नदीकाठावरच पैज लावली. नदीकाठ चाळीसच्या आत राहिला, तर सगळ्यांना पदरचं द्यावं लागणार, म्हणून सुटवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. चटई गुंडाळून पळावं, तर वेशीवर लोकांचा पहारा!

सामन्याच्या आदल्या दिवशी हैबतीचा बाप, रखमाजी नावाडी, वल्ही धुताना म्हणाला, "हैबती, उद्या म्हस लावलीया तुझ्यावर."

"माझ्यावर न्हाई आबा. माझ्या हरण्यावर लावलीया."

"तेच रं. चाळिसाच्या आत हर म्हंजे झालं. कुणी जिंक म्हनतंय का तुला?"

"तेच तर. कुणीच म्हनत न्हाई," हैबती म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. बापाला वाटलं, पोराला सर्दी झाली.

दुसऱ्या दिवशी खेळ रंगला. टेकडीचे सगळे खेळून झाले. नदीकाठचेही एकेक करून बाद झाले. शेवटी एकटा हैबती उरला, त्याचा शेवटचा टोला उरला आणि टेकडी साठ दांडूंनी पुढे होती.

हैबतीने विटी उडवली आणि दोन्ही हातांनी दांडू फिरवला. विटी लोकांच्या डोक्यांवरून गेली आणि पार बोरीच्या कुंपणाजवळ जाऊन पडली.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. पन्नास दांडूंचं अंतर तर आंधळ्यालाही दिसत होतं. तीस मागितले तर तीस दांडूंनी हार, आणि सगळ्या नगराची दिवाळी. हलगीवाल्याने हलगी शेकून तयार ठेवली.

"तीस माग!" लोक ओरडले.

"माग की तीस!" रखमाजी गर्दीतून घसा फोडत होता. "दावणीची म्हस हाय रं बाबा!"

टेकडीचा नायकही हसत पुढे आला. "माग तीस. मोजतही नाही, देऊन टाकतो. तूही सुखी आणि मीही."

हैबतीने गलीकडे पाहिलं, मग विटीकडे. जिंकायला एकसष्ट हवे होते.

"एकसष्ट," तो म्हणाला.

"काय?"

"एकसष्ट दे. न्हाईतर मोज."

नायकाचं हसू मावळलं. इतक्या वर्षांत नदीकाठच्या कोणीही टेकडीकडे सामना मागितला नव्हता. त्याने दांडू घेतला आणि मोजायला वाकला. तीस झाले आणि बायका कपाळावर हात मारू लागल्या. पन्नास झाले. पंचावन्न झाले. अठ्ठावन्नावा दांडू विटीला जाऊन टेकला आणि अंतर तिथेच संपलं.

तीन दांडू कमी. म्हणजे मिळाले शून्य, आणि नदीकाठ साठांनी हरला.

मग जे झालं ते सांगायला मला लाज वाटते. काल ज्यांनी माळा ओवल्या, त्यांनीच आज ढेकळं उचलली. पायताणं फेकली. "विकला गेला! सुटवाल्यानं विकत घेतला!" अशी एकच आरोळी उठली. आणि त्या आरोळीवर शिक्कामोर्तब करायला खुद्द सुटवालाच धावत आला. त्याने हैबतीला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत एक जड थैली पुढे केली.

"शाबास रे वाघा! तू मला तारलंस. हे घे. आणि तुझ्या वडिलांची म्हैस परत ने, खुशाल दावणीला बांध."

रखमाजी पुढे सरकला. त्याचे डोळे म्हशीसाठी आसुसले होते. हैबतीला ते दिसलं. कपाळावरून रक्त येत होतं, ते त्याने बाहीने पुसलं.

"शेट, तुम्ही मला इकत घेतलंत का?"

"छे, छे! भलतंच काय?"

"मग ही थैली कशाची?"

"अरे, तुझ्यामुळे माझं भलं झालं!"

"तुमचं भलं करायला मी एकसष्ट मागितलं न्हाईत," हैबती ओरडला, "आन् ह्या लोकांचं वाटोळं करायलाबी न्हाईत. मी जिंकायला मागितलं!" त्याने थैली सुटवाल्याच्या पायांशी टाकली. "म्हस माझ्या बापानं घालवली, तुम्ही जिंकलात. घेऊन जावा."

मग तो लोकांकडे वळला.

"समद्यांनी ऐका! पुढल्या सालीबी मी जिंकायलाच मागणार, त्याच्या पुढल्या सालीबी. साठानं हरीन, शंभरानं हरीन, पण तुम्ही सांगाल तेवढ्यानं हरणार न्हाई!"

त्याच्या जागी मी असतो तर म्हैस घेतली असती. खोटं कशाला बोलू? तुमचं तुम्ही बघा.

रखमाजी आठ दिवस मुलाशी बोलला नाही. गोठा रिकामा, ताक नाही, घरात कोरडी भाकरी. नवव्या दिवशी तीच भाकरी मोडता मोडता त्याने विचारलं, "तीन दांडू कमी पडलं ते कशानं?"

"मनगट ढिलं पडलं, आबा."

"मग आवळ की."

त्या दिवसापासून हैबती रोज पहाटे नदीच्या वाळवंटात विटी टोलवू लागला. पहिल्यांदा एकटा होता. मग कुंभारांचे दोघे आले, बुरुडाचा एक आला. अठ्ठावन्न दांडू त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेवढं पाहिल्यावर पस्तिसांनी हरण्यात कुणाचं मन रमेना. तिकडे टेकडीवरही झोपा उडाल्या. मागायला येणारा कोणीतरी आहे, हे कळल्यावर त्यांनाही खेळावं लागणार होतं.

वर्षाने सुटवाल्याने पुन्हा चटई अंथरली. "पन्नास दांडूंची सूट!" कोणी येईना. तीस वर्षं पैजा लावलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला समजावलं, "शेट, आता ही समदी पोरं जिंकायला मागत्यात. कधी ढीगभर मिळतं, कधी शून्य. किती हरतील ह्याचा अदमास कुणाच्या बापाला लागायचा?"

सुटवाल्याने दुपारपर्यंत वाट पाहिली. मग चटई काखेत मारली आणि जिथे कोंबड्यांच्या झुंजी लागतात अशा मुलखाकडे चालू लागला. कोंबड्यांवर त्याचा भरवसा होता.

आणि सामना? सामना असा झाला, की लोक पापणी लववायला विसरले. पुन्हा शेवटी हैबती उरला. टेकडी तीस दांडूंनी पुढे होती. त्याने टोला मारला, विटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकतीस."

आता तुम्ही म्हणाल, जिंकला असणार. बघा बरं, तुम्हीही मनातल्या मनात पैज लावून बसलात की नाही?

हरला. एकतिसावा दांडू विटीच्या पुढे चार बोटं गेला.

कोणी ढेकूळ उचललं नाही. ज्यांची एक कवडीही गेली नव्हती, ते लोक डोळे पुसत होते, आणि आपण का रडतोय हे त्यांना कळत नव्हतं. रखमाजी तर खालीच बसला होता.

टेकडीचा नायक घामाने भिजून हैबतीजवळ आला. "अरे," तो म्हणाला, "आज मोजताना माझे पाय लटपटत होते."

हैबतीचे डोळे लाल झाले होते. त्याने नाक ओढलं आणि गलीतली माती पायाने नीट केली.

"पुढल्या सालाला आणखी लटपटतील," तो म्हणाला.

या गोष्टीतून गाठीला बांधायचं ते इतकंच: हरायची वेळ आली तर खुशाल हरावं, पण आपण किती हरायचं हे दुसऱ्याला ठरवू देऊ नये.