कोपरापर्यंत सारलेल्या बांगड्या

बोरखडीच्या ओढ्याला बारा महिने पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात चिमाक्का नावाची कासारीण होती. खांद्यावर बांगड्यांचा मलार टाकून ती दारोदार फिरायची. बाईचा पंजा हातात घेऊन एकदा हलकेच दाबला, की तिला माप कळायचं. असं म्हणतात, की तिचा हात इतका हलका होता, की लहान पोरी बांगड्या भरता भरता तिच्या मांडीवर झोपी जायच्या.

पण हात हातात घेणाऱ्याला नुसतं माप कळत नाही. चिमाक्काला मनगटावरचे वळ दिसायचे, पोळल्याचे डाग दिसायचे. बायका मान खाली घालून म्हणायच्या, "जरा जास्तीच्या भर, आक्का." आणि चिमाक्का भरायची. डझनाच्या जागी दोन डझन. वळ झाकला जायचा. तिला वाटायचं, आपण बाईची लाज राखली.

ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या गोजराच्या हातात तिने अशाच चोवीस बांगड्या भरल्या. आठ दिवसांनी गोजरा विहिरीत सापडली. तिला वर काढलं तेव्हा चिमाक्का तिथेच उभी होती. गोजराच्या हातातली एकही बांगडी पिचली नव्हती, आणि बांगड्यांखालचा वळही तसाच होता. चिमाक्का चिखलातच बसली. असं म्हणतात, ती तीन दिवस तिथून उठली नाही, आणि उठली तेव्हा तिचे सगळे केस पांढरे झाले होते.

पुढे दोन वर्षांनी पाटलांच्या लेकीचं, शेवंताचं लग्न निघालं. मांडव उभा राहिला. चुडा भरायला चिमाक्काला बोलावणं आलं. त्या घरची रीत अशी, की आधी सुनेने भरायच्या, मग नवरीने. म्हणून पहिला हात पुढे आला तो पाटलांच्या सुनेचा, तानूचा. मनगट सुजलेलं, आणि फुटक्या बांगडीची काच अजून आत रुतलेली.

"पडले, आक्का," तानू पुटपुटली. "जास्तीच्या भर."

चिमाक्काने तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने मलार मात्र गुंडाळून ठेवला.

"हा हात मी झाकणार नाही," ती म्हणाली. "आणि याचा निकाल लागल्याशिवाय या घरातला दुसरा हात भरणार नाही."

पाटलीणबाई कासावीस झाल्या. "अगं, उद्या अक्षता आहेत! कासारणीने आपलं काम करावं."

"काम करूनच एक बाई घालवली मी, पाटलीणबाई. आता पुरे."

तानूचा नवरा केरबा खांबाला टेकून उभा होता. तो हसला. "हिच्यावाचून काय अडलंय? बाजारात कासार का कमी आहेत?"

त्याने बाजारचा कासार आणला. असं म्हणतात, त्या कासाराने शेवंताच्या हातात पहिली बांगडी चढवली, ती तडकली. दुसरी तडकली. दहावी तडकली. मांडवात घोटाभर काचेचा खच पडला, आणि नवरीच्या हातावर मात्र साधा ओरखडा नाही. कासाराला घाम फुटला. "पाटील, खोट माझ्या मालात नाही हो," तो म्हणाला, "तुमच्या मांडवात आहे." आणि पाटी उचलून चालता झाला.

शेवंताने हात मागे घेतला. "आबा, वहिनीचं काय ते आधी बघा. नाहीतर मी बोडक्या हातांनी बोहल्यावर उभी राहीन. वऱ्हाडाने विचारलं, तर का ते सांगेन."

तेवढ्यात पाटलीणबाईंनी कुणाकडे न बघता आपल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. खाली तीस वर्षांपूर्वीचा डाग होता. पाटलांनी तो ओळखला.

मग मागच्या बाईने बांगड्या सारल्या. मग तिच्या शेजारणीने. मग कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्यांनी. असं म्हणतात, बांगड्यांचा तो आवाज ओढ्यापलीकडच्या तीन गावांत ऐकू गेला, आणि शेतातले बैल औत घेऊन जागीच उभे राहिले.

मग पाटील आत गेले, त्यांनी तानूची पत्र्याची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि भर दुपारी साऱ्या गावादेखत चिमाक्काच्या दारात नेऊन ठेवली. चिमाक्काने तानूच्या मनगटातली काच काढली, हळद भरली, आणि मगच जाऊन शेवंताचा चुडा भरला. एकही बांगडी तडकली नाही.

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी केरबा चिमाक्काच्या दाराशी येऊन ओरडायला लागला. उंबऱ्यावर गावच्या बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी सूप पुढे सरकवत म्हणाली, "बस, केरबा. खडे वेच. इथं रिकामं कुणी ओरडत नाही." बायका इतक्या हसल्या, की तो पुन्हा त्या गल्लीत फिरकला नाही. तानू तिथेच राहिली, बांगड्या भरायला शिकली आणि आपल्या कमाईवर ताठ मानेने जगली.

मग आणखी बायका आल्या, दूरदूरच्या गावांतून. चिमाक्काचं घर दोन खणांचं. पण असं म्हणतात, कितीही जणी आल्या तरी आणखी एकीपुरती जागा तिथे उरायचीच.

आता तिथे पक्की इमारत आहे. तानूच्या हाताखाली तयार झालेल्या बायकांनी संस्था उभी केली, दारावर चिमाक्काच्या नावाची पाटी लावली. वकीलबाई येतात, फोन आहे, पोरांना शाळेत घालतात. आमच्या बोरखडीला दुसरं काही नसलं तरी हे आहे.

नागपंचमीला आजही आमच्याकडे कासार बाईचा हात हातात घेतो आणि आधी विचारतो, "हात बरा आहे ना, बाई?" उत्तर मिळेपर्यंत तो बांगडीला हात लावत नाही.

आणि एखाद्या दिवशी एखादी परगावची बाई संस्थेच्या दाराशी येऊन उभी राहते. ती नुसत्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारते. बांगड्या नसतील तर बाही. मग तिला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. दारावरची बाई बाजूला सरून म्हणते, "ये बाई. आधी जेव."